सव्वा एकचे निरोप

रेडिओ चुलीवरच्या फळीवर, लोकरीच्या टोपीत.
गाण्यांसाठी आम्ही तो कधी लावला नाही.
सेल संपले तर
दोन दिवस घोडा, मग एक दिवस बोट.
विझत आलेले सेल आई चुलीच्या कडेला शेकायची,
भाकरीसारखे उलटसुलट,
आणि सव्वा वाजला की म्हणायची, "गप्प."

मग नेल्दा बारीया.
डोंगराच्या तीन रांगांपलीकडून, बंदरगावातून,
नाकात बारमाही सर्दी, कागदांची सळसळ,
प्रत्येक निरोप दोनदा,
लिहून घेणाऱ्याचा हात पोचेल एवढा सावकाश.

धाकट्या तळ्यावरची एदेल्मिरा:
पोराचा दात काढला, पोरगा रडला नाही.
रडला नाही हे परत वाचते,
त्यानं तसं बजावून सांगितलंय.
कार्कामो बंधू: पीठ बोटीत चढवलं, मीठ मिळालं नाही.
धक्क्यावर कुणाला डाव्या पायाचा काळा गमबूट सापडला असेल
तर रेडिओवर आणून द्यावा. उजवा इथं आहे.

खासगी असं खोऱ्यात काही नव्हतंच.
कुणाची उधारी, कुणाला दिवस गेलेले,
कुणाचा नवरा अर्जेंटिनातून परत येत नाही ते,
सगळ्यांनी ऐकलेलं,
आणि भेटल्यावर कुणीच ऐकलेलं नसायचं.
एवढी रीत आम्ही पाळत होतो.

नेल्दा 'वारले' असं कधी म्हणाली नाही.
'गंभीर आहेत' म्हणायची, 'निघून या.'
कारण ज्याचं माणूस गेलं
तो नदीत घोडा घालताना पाणी बघत नाही.
ज्याचं आजारी आहे तो बघतो,
त्याला पोचायचं असतं.

पण त्याआधी ती एक घोट पाणी प्यायची.
ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज
नावाच्या आधी यायचा,
आणि अख्ख्या खोऱ्यात त्या एका क्षणापुरतं
प्रत्येक घर तेच घर असायचं.

नोव्हेंबर. बर्फ वितळायचा महिना.
वडील तीन आठवड्यांपूर्वी खाली गेलेले, पोटाचं दाखवायला.
ग्लास वाजला.
आईचे हात पिठात.
वरच्या काठचे ओयार्सो.
बेलार्मिनो गंभीर आहेत. गुरुवारी बोट थांबेल.
मग दुसऱ्यांदा, शब्द न बदलता.

आईनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, गमबुटासकट.
मग बटण फिरवलं.
तेव्हासुद्धा सेल वाचवले.

अंधार पडायच्या आत रोसामेल उएन्चुमान आला,
पलीकडच्या काठावरचा, कमरेपर्यंत भिजलेला,
तीन घोडे, तिन्हींवर खोगीर.
म्हणाला, "इथून पुढं जातच होतो."
आमच्या घराच्या पुढं वाट नाही.
पुढं फक्त हिमनदी आहे.
आईनं त्याला माते पाजला, विचारलं नाही काही.

मातीनंतर मी रेडिओची खोली पाहिली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
बाई आवाजापेक्षा बरीच बुटकी.
आमच्या खोऱ्यात तिनं कधी पाय ठेवला नव्हता,
तरी मला म्हणाली,
"दोन ओंडक्यांजवळून उतरलात ना? तिथं पाणी उथळ असतं."
टेबलावर ग्लास नव्हताच,
मुरांब्याची जुनी बरणी होती, अर्धी भरलेली.

आता समोरच्या कड्यावर टॉवर आहे.
बातमी थेट येते,
गुडघ्यांत मेंढी दाबून लोकर कातरताना,
विनोद अर्धा सांगून झालेला असताना,
फोटोसकट, एकदम.
आधी कुणी पाणी पीत नाही.

आई अजून सव्वा वाजता म्हणते, "गप्प."
आम्ही खिशातले फोन दाबतो, पोरांना दटावतो.
नेल्दाचा आवाज आता तळाशी खरवडल्यासारखा,
निरोप जेमतेम चार,
त्यातले तीन आम्हाला कालपासून माहीत.
तरी आई मान डोलावते,
आत्ता कुठं ते घडलं असं.

आणि परवा, सगळ्यात शेवटी,
कागद बाजूला ठेवत नेल्दा म्हणाली,
उजवा अजून इथंच आहे.